काकांच्या नावावरची येझदी: इंदूरमधल्या एका जुन्या मोटरसायकलच्या खरेदीचं प्रकरण

जुनी गाडी घेऊन ती पुन्हा उभी करायची म्हटलं की लोक आधी इंजिनचं विचारतात, मग क्रोमचं, आणि कागदांचं सगळ्यात शेवटी. पुढे दिलेल्या प्रकरणात सगळं अडलं ते कागदांपाशी, आणि सुटलंही तिथूनच. व्यवहार इंदूरमध्ये २०२३ साली झाला. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कागदपत्रांच्या कामात मी सुरुवातीपासून सोबत होतो.

पार्श्वभूमी

घेणारा पस्तिशीतला, सुदामानगरमध्ये राहणारा, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याला येझदीच हवी होती, आणि तीही दोन सायलेन्सरवाली जुनी २५०. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने आधी जावा आणि पुढे येझदी या नावाने केलेली ही गाडी. एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ६५ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आज ज्या येझदी दुकानात मिळतात त्या २०२२ पासूनच्या. त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, आणि त्या बनतात पीथमपूरलाच. म्हणजे हा रोज ज्या भागात कामाला जातो तिथेच नवी येझदी तयार होते, पण तिचा एकही महत्त्वाचा भाग जुनीला बसत नाही.

गाडी सापडली राजेंद्रनगरमध्ये, एका जुन्या मराठी कुटुंबाच्या ओसरीत. १९७८ ची नोंदणी, मरून रंग, टाकीच्या दोन्ही बाजूंना मूळचं क्रोम. काकांनी ती एकट्याने वापरली होती. ते गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. काकूंनी ओळखीतून निरोप पाठवला होता, "कबाडीला द्यायची नाही, कुणी चालवणारा असेल तर सांगा."

अडचण

पहिल्याच भेटीत तीन गोष्टी समोर आल्या.

आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, काकांच्या नावावर. मृत व्यक्तीच्या नावावरची गाडी थेट तिसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, आणि त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० भरता येतात. वारस तीन होते: काकू, पुण्यातला थोरला मुलगा आणि वडोदऱ्याला दिलेली मुलगी.

नोंदणीची मुदत संपून गेली होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. काकांनी ती वेळच्या वेळी करून घेतली होती, शेवटची तेवढी राहिली. २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली होती, आणि उशीर झाला तर महिन्याला ३०० रुपये वेगळे. दंड पाहून कुणी गाडी सोडून देईल इतका मोठा नव्हता, पण प्रत्येक महिना मोजला जात होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीशी जुळत होता, इंजिन नंबर मात्र एका आकड्याने वेगळा होता.

गाडीची हालत सांगायला हवी. किक जाम होती. टाकीत गंज होता, पण भोक पडलेलं नव्हतं. मागच्या चेनचं झाकण त्याच्या रबरांसकट शाबूत होतं. ज्याला या गाड्या माहीत आहेत त्याला कळेल की हे झाकण आणि दोन्ही बाजूंचे टूलबॉक्स जागेवर असणं म्हणजे निम्मी शोधाशोध वाचणं.

समोरचे पर्याय

घेणाऱ्याने चार रस्ते मांडले होते. पहिला, हीच गाडी. दुसरा, कुणीतरी आधीच तयार केलेली रोडकिंग, म्हणजे येझदीचंच एक मॉडेल, दीड लाखाच्या पुढची. तिचा रंग नवा होता आणि आत काय आहे ते झाकलेलं. तिसरा, कागद चोख असलेली यामाहा आरएक्स १००. चौथा, पीथमपूरची नवी येझदी घेऊन मोकळं होणं.

आरएक्स १०० चा पर्याय मला स्वतःला वजनदार वाटला होता. १९८५ ते १९९६ या काळातली ही गाडी, ९८ सीसी, हलकी, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, आणि ती उघडता येईल असे मिस्त्रीही भरपूर. पहिल्यांदा जुनी गाडी करायला घेणाऱ्याने तिच्यावर हात बसवावा असं मी त्याला म्हटलंही. पण त्याला आपल्या हाताने येझदी उभी करायची होती. ज्या गाडीवर माणूस दीड-दोन वर्षांचे रविवार घालवणार आहे, ती मनातली नसली तर काम अर्ध्यात पडतं. इंदूरमध्ये अशी उघडून ठेवलेली, पोत्यांत भरलेली कितीतरी इंजिनं माळ्यांवर पडून आहेत.

रोडकिंग त्याने एका मुद्द्यावर सोडली. विकणारा इंजिन नंबरवरचा रंग खरवडू देईना. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. नंबर न दाखवणाऱ्याकडून गाडी घ्यायची नाही, मग ती कितीही देखणी असो.

पहिला निर्णय: नंबरचा घोळ

इंजिन नंबर जुळत नाही हे कळल्यावर तो ज्या मिस्त्रीला गाडी दाखवायला घेऊन गेला होता तो सहज म्हणाला, "भिया, नंबर का क्या है, आधे घंटे में पंच हो जाएगा."

इथे बरेच जण घसरतात. आरसीत आहे तोच नंबर इंजिनवर ठोकला की प्रश्न मिटला असं वाटतं. पण तो गुन्हा आहे. शिवाय मूळ केसिंगवरचा ठसा एकदा गेला की त्या गाडीचं खरेपण कुणालाच सिद्ध करता येत नाही, पुढे स्वतः मालकालाही नाही. त्याने नकार दिला आणि तो मिस्त्रीही सोडला.

मग आम्ही उलट्या बाजूने शोधलं. काकांनी गाडीची फाइल ठेवली होती. त्यात जुनं कागदी आरसीपुस्तक आणि बऱ्याच वर्षांच्या विम्याच्या पावत्या होत्या. पुस्तकातला हाताने लिहिलेला आकडा तीन वाचावा की आठ असा होता. पावत्यांवर मात्र टंकलेला नंबर स्पष्ट होता, आणि तो इंजिनशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवताना आकडा चुकला होता. इंजिनच्या आणि चेसिसच्या नंबरचे पेन्सिलने घेतलेले छाप, पुस्तकाची प्रत आणि पावत्या जोडून दुरुस्तीचा अर्ज दिला. शिवाय एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेवर दोन्ही नंबर तपासून ही गाडी चोरीच्या यादीत नाही याचा कागद काढला. वेळ लागला, चकरा झाल्या, पण नोंद दुरुस्त झाली.

दुसरा निर्णय: घरचे

काकूंनी चाळीस हजार सांगितले होते. पुण्याच्या मुलाने ऑनलाइन जाहिराती पाहून आईला फोन केला की अशी गाडी सव्वा लाखाला जाते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती किंमत चालू, नाव मोकळं असलेल्या, तयार गाडीची होती. घेणाऱ्याने घासाघीस केली नाही. एका कागदावर त्याने या गाडीला येऊ शकणारा खर्च ओळीने लिहिला: कागद, दंड, टायर, क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा), बोअर, वायरिंग, क्रोम. तो कागद त्याने मुलाला पाठवला आणि म्हणाला, "दादा, यातली कुठली रक्कम फुगवलेली वाटते ते सांगा." दोन दिवसांनी मुलाचा होकार आला, चाळीस हजारांवरच.

मुलीचा प्रश्न पैशाचा नव्हता. तिला गाडी विकायचीच नव्हती, पण ठेवायला जागाही नव्हती. तिने एक अट घातली, की पुढे कधी विकायची वेळ आली तर आधी मला विचारायचं. घेणाऱ्याने ती करारात लिहूनच घेतली. काकूंनी तिच्या मागोमाग आपलीही अट सांगितली, "रंग बदलू नकोस रे बाळा, बाकी तुझं तू बघ."

पैशाची बांधणी अशी केली: पाच हजार विसार, स्टॅम्प पेपरवर करारनामा, बाकी रक्कम गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्यावर. तोपर्यंत गाडी काकूंच्याच ओसरीत राहील.

तिसरा निर्णय: आधी गाडी की आधी कागद

या प्रकरणातला सगळ्यात अवघड पेच हा. गाडी नावावर व्हायला आरसी चालू हवी. आरसीचं नूतनीकरण करायला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते, म्हणजे तिचे ब्रेक, दिवे, हॉर्न चालले पाहिजेत, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) पाहिजे, विमा पाहिजे. गाडी चालू करायला खर्च करावा लागतो, आणि तो खर्च घेणाऱ्याला अशा गाडीवर करावा लागतो जी अजून त्याची नाही.

दोन टोकं होती. एक म्हणजे काकूंना सांगायचं की तुम्ही गाडी चालू करून, कागद पूर्ण करून द्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईंना ते जमलं नसतं आणि गाडी शेवटी कबाड्याकडेच गेली असती. दुसरं टोक म्हणजे विश्वासावर गाडी घरी आणून पूर्ण इंजिन उघडायचं. त्याचे मित्र हेच सुचवत होते. मी ठाम विरोध केला. इंजिन सुटं झालं की तपासणी वर्षभर लांबते, दंड वाढत राहतो, आणि मधे वारसांपैकी कुणाचं मन फिरलं तर सुट्या भागांच्या ढिगावर दोन्ही बाजूंचा हक्क उरतो.

निघालेला मधला मार्ग करारात लिहिला. गाडी "तपासणीपुरती" चालू करायची, इंजिन उघडायचं नाही, खर्चाची कमाल मर्यादा बारा हजार, आणि व्यवहार वारसांकडून मोडला तर काकू ही रक्कम परत देतील. मर्यादेचा आकडा घालणं हे मला त्या करारातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं. त्यामुळे मोह आवरला गेला.

दुसरा मिस्त्री, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, ओसरीतच येऊन काम करून गेला. जाम पिस्टनवर त्याने किक मारली नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं, काही दिवस तसंच मुरू दिलं, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढेमागे हलवलं. पिस्टन सुटला. टाकी काढून ठेवून वरून बाटलीने पेट्रोल दिलं, कार्बोरेटर धुतला, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) घासून फट ०.४ मिमीच्या आसपास बसवली, सायलेन्सरच्या आतल्या नळ्या काढून त्यांवरचा कार्बन जाळला. ब्रेकशू आणि टायर नवे. इंजिन चालू झालं, धूर बराच होता.

पीयूसीची धास्ती होती. पण २००० सालाआधीच्या दुचाकींना मर्यादा सैल आहे: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. कार्बोरेटर नीट बसवल्यावर गाडी त्यात बसली. थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसी गटातला, मूळ हप्ता १,३६६ रुपये. लोडिंग रिक्षात घालून गाडी तपासणीला नेली, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर ती रस्त्यावर चालवणं बेकायदा होतं. गाडी काकूंच्या नावावर झाली, नूतनीकरण २०२८ पर्यंतचं मिळालं, आणि मग २९ आणि ३० वर सह्या झाल्या. उरलेले पस्तीस हजार त्याने त्याच दिवशी दिले.

इंजिन

आता गाडी त्याची होती आणि इंजिन उघडायला हरकत नव्हती. आत बोअर आधीच दोनदा वाढवलेला निघाला आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला स्पष्ट खेळ होता. धुराचं मूळ डाव्या बाजूचं क्रँक सील. ते कडक झालं की प्रायमरीचं, म्हणजे इंजिन आणि क्लचमधल्या चेनच्या डब्यातलं, ऑइल क्रँकमध्ये ओढलं जातं आणि पांढरा धूर येत राहतो.

क्रँक कुठे करायचा यावर बराच खल झाला. पुण्याला किंवा म्हैसूरला जावा-येझदीवरच हात बसलेले कारागीर आहेत. पण पाठवणं, परत येणं, मधे काही चुकलं तर कुणाला विचारणं, हे सगळं अवघड. दुसरीकडे इंदूरच्या सांवेर रोडला लेथवाल्यांची कमी नाही. या भागातली कारागिरी पीथमपूरच्या कारखान्यांवर पोसली आहे. एके काळी कायनेटिक होंडासुद्धा तिथेच बनायची. त्याने इथलाच लेथवाला निवडला, पण एका अटीवर: रॉड बसवल्यावर क्रँक डायल गेजवर फिरवून दाखवायचा आणि फरक ०.०३ मिमीच्या आत हवा. पहिल्या वेळी फरक तेवढ्यात बसला नाही. लेथवाल्याने तक्रार न करता पुन्हा दाबून बसवला. ही अट आधी बोलून ठेवली नसती तर "चलेगा" या शब्दावर क्रँक घरी आला असता.

बोअर पुन्हा वाढवायचा की नवा लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) घालायचा, यात त्याने लायनर घेतला. महाग पडलं, पण पुढच्या दोन-तीन बोअरची जागा मिळाली.

रन-इनला, म्हणजे नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला हळू चालवून बसवायला, लिटरमागे ५० मिली टू-टी ऑइल घालून तो खंडवा रोडला निघाला. सिमरोळच्या घाटात चढावर इंजिन घट्ट होत चाललंय असं जाणवलं. त्याने क्लच दाबला आणि गाडी कडेला घेतली, म्हणून लायनर वाचला. कार्बोरेटरच्या फ्लँजजवळून हवा ओढली जात होती. मिश्रण पातळ झालं आणि पिस्टन तापला. फ्लँज काचेवर घासून सपाट केला, पॅकिंग बदललं. तेव्हापासून त्रास नाही.

रंग आणि क्रोम

काकूंची अट होतीच, पण त्याने एक पाऊल पुढे जाऊन टाकीचा मूळ रंग आणि सोनेरी रेघा ठेवल्या, ओरखड्यांसकट. फक्त मडगार्ड रंगवले. वायरिंग नवं केलं, पण ६ व्होल्टचंच ठेवलं. रात्री उजेड कमी पडतो हे त्याला मान्य आहे.

हँडल, रिम, सायलेन्सर निकेल-क्रोमला दिले. परत आले तेव्हा एक सायलेन्सर दुसऱ्याच गाडीचा होता, पातळ पत्र्याचा. मूळचा पुन्हा सापडला नाही.

निष्पत्ती

गाडी आज चालते. खरेदी धरून एकूण खर्च दीड लाखाच्या थोडा पुढे गेला, म्हणजे जवळपास त्या तयार रोडकिंगइतका. पण क्रँक कोणी बसवला, बोअर कितवा आहे, नंबर खरा की खोटा, हे सगळं त्याला माहीत आहे. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला तो गाडी आधी राजेंद्रनगरला नेतो, मग मित्रांकडे.

वेगळं काय करता आलं असतं

वारसांशी बोलणं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं. काकूंशी किंमत ठरली, मग मुलाचा फोन आला, मग मुलीचा. तिघांना एकदाच फोनवर घेतलं असतं तर महिना वाचला असता आणि काकूंना मुलांच्या मधे उभं राहावं लागलं नसतं.

क्रोमला देण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो, वजन आणि आतल्या बाजूला ओळखीची खूण एवढं करायला एक संध्याकाळ पुरली असती. येझदीचा मूळ सायलेन्सर आता मागूनही मिळत नाही.

इंजिन बसवल्यावर रस्त्यावर न्यायच्या आधी हवेच्या दाबाने गळती तपासायला हवी होती. सायकलच्या पंपाने आणि साबणाच्या पाण्याने हे घरी होतं. सिमरोळच्या घाटातली वेळ टळली असती. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटरचं रबर इथेनॉल सहन करणारं घ्यायचं हे मात्र त्याने आधीच पाहिलं. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते.

आज कुणी असं प्रकरण हाती घेत असेल तर एक आकडा बदलला आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी २,००० रुपये आहे.

२०२८ मध्ये या गाडीची मुदत संपेल आणि त्याच वर्षी तिला पन्नास वर्षं पूर्ण होतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मग व्हिंटेज नोंदणीला पात्र ठरू शकेल: दहा वर्षांची मुदत, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि गाडी मूळ रूपात असण्याची अट. टाकी आणि ६ व्होल्ट राखल्याचा तिथे उपयोग होईल. पण व्हिंटेज नोंदणीवर रोजच्या वापरासाठी रस्त्यावर गाडी काढता येत नाही, आणि हा तर रविवारी उठून मांडूपर्यंत जाऊन येणारा माणूस. तो अजून ठरवतो आहे. माझं मत त्याला सांगून झालं आहे: गुडघे किक मारू देतात तोवर साधं नूतनीकरण.